गळाची कसोटी

चेन्नईच्या कूवम नदीत १९४९च्या सुमारास माशांच्या ४९ जातींची नोंद झाली होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांतल्या २१ उरल्या आणि शतक सरेपर्यंत शहरातल्या पट्ट्यातून मासा जवळजवळ हद्दपार झाला. हे तीन आकडे तीन पिढ्यांचे आहेत. आज चेन्नईत जे साठीच्या आसपास आहेत आणि ज्यांच्या घरात नातवंडे बागडताहेत, ते दुसऱ्या आकड्याच्या वेळी शाळेत जात होते. पहिला आकडा त्यांच्या आजोबांच्या काळातला, तिसरा त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला आलेला. या काळात सरकारे स्वस्थ बसली होती असेही नाही. १९६७मध्ये अण्णादुरै यांच्या सरकारने कूवम सुधारण्याचे काम हाती घेतले, पुढे नदीत नौकाविहार सुरू झाला आणि बंदही पडला. गेल्या दशकात सुमारे ६०० कोटी रुपयांची नवी योजना आली. प्रत्येक योजनेचा हिशेब खर्च झालेले कोटी, हटवलेल्या झोपड्या, बांधलेल्या भिंती आणि लावलेली रोपे यांत मांडला गेला. नदीत काही जगते का, हा रकाना त्यात नव्हता. माझे म्हणणे एवढेच आहे की शहरातली नदी सुधारली की नाही हे ठरवताना एक प्रश्न आधी विचारावा. आजीला किंवा आजोबांना नातवंडाला घेऊन त्या नदीकाठी गळ टाकून बसता येईल का, आणि मिळालेला मासा त्याच नातवंडाच्या ताटात वाढायला त्यांचे मन धजेल का?

प्रश्न हळवा वाटेल, पण त्याचा अर्धा भाग आपल्या सरकारी कागदांत आधीपासूनच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत. त्यांतला चौथा वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठीचा. त्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, सामू ६.५ ते ८.५ हवा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत हवा. आंघोळीच्या पाण्याला प्राणवायू ५ मिलिग्रॅम लागतो. म्हणजे माशासाठीची अट माणसाच्या आंघोळीपेक्षाही सैल आहे आणि आपल्या कित्येक शहरी नद्या तीही पुरी करत नाहीत. याच मंडळाच्या २०२२च्या अहवालात आवडी ते सत्यानगर या पट्ट्यात कूवमच्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, लिटरमागे ३४५ मिलिग्रॅम नोंदली गेली. ही मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की पट्टा प्रदूषित मानला जातो. कूवम त्या मर्यादेच्या शंभर पटींहून पुढे होती आणि देशातल्या प्रदूषित पट्ट्यांत पहिली आली. दुसरा क्रमांक साबरमतीच्या रायसण ते वौठा पट्ट्याचा होता, २९२ मिलिग्रॅम. ज्या साबरमतीचा देखणा काठ पाहून पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प आखला गेला, तीच ही साबरमती. काठ सजवणे आणि पाणी जिवंत करणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढा धडा तरी या यादीतून घ्यायला हवा. सर्वाधिक, म्हणजे ५५ प्रदूषित पट्टे महाराष्ट्रात आढळले असल्याने हा विषय केवळ तमिळनाडूचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

यंत्रे आहेत, प्रयोगशाळा आहेत, मग मासा कशाला हवा, असे कोणी विचारेल. पाण्याचा नमुना ज्या घटकेला घेतला त्या घटकेपुरता खरे बोलतो. मध्यरात्री कारखान्याने सोडलेले पाणी, पहाटे खाली गेलेला प्राणवायू, पहिल्या पावसात गटारांतून एकदम वाहून आलेला मैला हे सगळे महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीत सापडेलच असे नाही. मासा मात्र तिथे अष्टौप्रहर राहतो, त्यामुळे वर्षभर जगला तर वर्षभराची साक्ष देतो. लंडनच्या थेम्स नदीला १९५७ साली जैविकदृष्ट्या मृत म्हटले गेले होते. पुढे मैलाशुद्धीकरण सुधारले, तेव्हा नदी परत येते आहे हे अभ्यासकांनी माशांवरून ताडले. नदीकाठच्या वीजकेंद्रांत यंत्रे थंड करण्यासाठी पाणी खेचले जायचे, तिथल्या जाळ्यांवर अडकलेले मासे ते मोजत गेले. १९७४मध्ये अशाच एका जाळीवर सॅमन मासा मिळाला. त्याआधीची थेम्समधल्या सॅमनची नोंद १८३३ची होती. लंडनकरांना नदी सुधारल्याची खात्री पटली ती असल्या पुराव्याने. आलेख तपासणारे थोडे असतात, मासा सगळ्यांना दिसतो.

तरीही नुसता मासा दिसणे पुरेसे नाही, म्हणून प्रश्नाचा दुसरा भाग, ताटाचा. घाणीतही तग धरणारे मासे असतात. तिलापिया १९५२मध्ये भारतात आणला गेला आणि आज चेन्नईच्या ज्या पाण्यात दुसरे फारसे काही टिकत नाही तिथेही तो सापडतो. महाराष्ट्रात उजनीच्या काठी हाच मासा चिलापी म्हणून ओळखला जातो. पुण्याचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या त्या जलाशयात चिलापी मुबलक असणे हे पाण्याच्या आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. चेन्नईच्या उत्तरेला कोसस्थलैयार नदी एन्नोरच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथे आजही मासे, कोळंबी, खेकडे मिळतात. पण त्याच खाडीत औष्णिक वीजकेंद्राची राख अनेक वर्षे उतरली आहे, आणि डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातले तेल बकिंगहॅम कालव्यावाटे तिथे पसरले. तेलाने माखलेल्या होड्या आणि जाळी तेव्हा सगळ्या देशाने पाहिली. अशा राखेतले जड धातू पाण्यातून गाळात, गाळातून किड्यांत आणि किड्यांतून माशांत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, चवीलाही कळत नाहीत आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वांत जास्त अपाय करतात. म्हणून कसोटी नातवंडाच्या ताटाची असावी. स्वतः काहीही पचवीन म्हणणारा माणूसही नातवाला घास भरवताना दहादा विचार करतो, आणि सरकारी मानके ठरवतानाही तीच दक्षता अपेक्षित आहे.

यात आजी-आजोबांचे काय काम, मुलांना शाळेची सहल नेईल की, असे वाटू शकते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली एक निरीक्षण मांडले. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या सुरुवातीला जे पाहते तेच नैसर्गिक समजते आणि तिथून पुढे झालेली घट तेवढी मोजते. आधी काय गेले याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. कूवममध्ये नेमके हेच झाले. ज्या मुलाने ती नदी काळी आणि वास मारणारीच पाहिली, त्याच्या लेखी काळेपणा हाच नदीचा रंग. त्याला वास थोडा कमी झाला तरी सुधारणा वाटते. ही घसरण ज्यांना दिसते ते साठीपलीकडचे लोक आहेत आणि त्यांच्याकडे आता फार वर्षे नाहीत. त्यांची आठवण नुसती सांगून पुढे जात नाही. कोणत्या वळणावर पाणी खोल असायचे, पावसाळ्यानंतर कोणता मासा वर चढायचा, भरतीबरोबर बोय कुठवर आत यायची, हे हातात गळ आणि समोर पाणी असताना बोलले तर मुलाच्या डोक्यात बसते. चेन्नईतल्याच अड्यार नदीच्या मुखाजवळ २०११मध्ये खुली झालेली ५८ एकरांची तोल्काप्पिय पूंगा (बाग) हा पाणथळ जागा परत उभी करण्याचा चांगला प्रयत्न आहे आणि तिथे शाळकरी मुले येतात. पण ती आखलेल्या वाटेने फिरून पाहण्याची जागा आहे. पाहण्याने मुलाला कौतुक वाटते. नदी आपली वाटायला तिच्याकडून काही मिळावे लागते, कधी रिकाम्या हाताने परतावेही लागते.

नदीतून काही मिळवणारे लोक तिची राखण करतात, याला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये डर्बी शहराजवळ डर्वेंट नदीवर मासेमारीचा हक्क असलेल्या गळवाल्यांच्या एका संघटनेने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कृत्रिम रेशमाचा कारखाना, वीज प्राधिकरण आणि खुद्द डर्बीची नगरपालिका या तिघांना न्यायालयात खेचले. शहर वाढले, मैलाशुद्धीकरण अपुरे पडले, आमचा काय दोष, अशी नगरपालिकेची बाजू होती. न्यायालयाने ती मानली नाही आणि मनाई हुकूम दिला. वाढत्या लोकसंख्येची हीच सबब चेन्नईपासून पिंपरीपर्यंत सगळ्या पालिकांच्या तोंडी आजही असते. आपल्याकडेही १९७२मध्ये बंगळुरूत गळाने मासे धरणाऱ्यांनी वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया स्थापन केली, कावेरीचे पट्टे भाडेपट्ट्याने घेतले, पकडलेला महाशीर परत सोडायचा नियम केला आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांविरुद्ध पहारे बसवले. गळ धरणारा प्रत्येक जण संत असतो असे नव्हे. पण नदी बिघडली तर पहिले नुकसान आपले, हे त्याला कळलेले असते. काठावरून मोटारीने जाणारा माणूस काच वर करतो आणि पुढे जातो.

आता आक्षेप. सर्वांत गंभीर आक्षेप अहिंसेचा आहे. लेकरांच्या हाती जीव घेण्याचे साधन का द्यावे? चेन्नईत आणि महाराष्ट्रातही माळकरी, जैन, शाकाहारी घरांतून हा प्रश्न प्रामाणिकपणे येईल. तो टोलवून लावू नये. माशाला वेदना होत नाहीत, ही जुनी समजूत ट्राउट माशांवरच्या २००३मधल्या प्रयोगांनंतर टिकणारी नाही, आणि धरून सोडून देण्याचा खेळही त्यामुळे निष्पाप ठरत नाही. म्हणून खेळापुरती हिंसा मलाही मान्य नाही. जे खायचे तेवढेच धरावे, पिल्ले आणि अंडी भरलेल्या माद्या सोडाव्यात, हे गळासोबतच शिकवावे. कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला गाव लोटतो. तो चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो आणि तो सरसकट धरणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे. ही मर्यादा वडीलधाऱ्यांनीच घालून द्यायची असते. मात्र हिंसेचा हिशेब पुरा मांडायला हवा. पंचगंगेत शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. एका गळाला आयुष्यभरात जेवढे मासे लागणार नाहीत तेवढे तिथे एका रात्रीत गुदमरून मरतात आणि त्यांना मारणाऱ्या सांडपाण्यात शाकाहारी घरांचाही वाटा असतो. ज्यांना मासा धरायचा नाही त्यांनी तो मोजावा, ओळखावा, नातवंडाला दाखवावा. कसोटीचा पहिला भाग त्यांच्यासाठीही तेवढाच लागू आहे.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो आजच्या घडीला पूर्ण खरा आहे. कूवमच्या शहरी पट्ट्यात किंवा एन्नोरच्या खाडीत नातवंडाला नेऊन तिथला मासा खायला घालावा, असे मी मुळीच सुचवत नाही. तळाशी साचलेला गाळ, अंगावर येणारे रोग, अचानक वाढणारे पाणी, सगळेच भयंकर आहे. डिसेंबर २०१५मध्ये चेंबरमबक्कम तलावातून सोडलेल्या पाण्याने आणि अतिवृष्टीने अड्यारने काय केले ते चेन्नई विसरलेली नाही. पण धोका आहे म्हणून काठाला उंच भिंत घालून मोकळे होणे हा उपाय धोका कायम ठेवतो, फक्त तो नजरेआड करतो. भिंतीपलीकडच्या पाण्याची चौकशी कोणी करत नाही. मुलांना पाण्याची भीती आणि पाण्याचा अंदाज या दोन्ही गोष्टी लागतात, आणि अंदाज मोठ्यांच्या सोबतीनेच येतो.

तिसरा आक्षेप नदीच्या स्वभावाचा. चेन्नईच्या नद्या बारमाही नाहीत, ईशान्य मोसमी पाऊस सरला की त्या आटतात, मुखाशी वाळूचा बांध तयार होतो, मग तिथे मासे कुठून येणार? याला उत्तर पहिल्याच आकड्यात आहे. ज्या नदीत ४९ जाती होत्या ती हीच हंगामी नदी होती. तेव्हा वरच्या भागातले तलाव एकमेकांना जोडलेले होते आणि भरतीचे पाणी आत येत होते. आता पावसाळा संपल्यावर तिच्यात जे वाहते ते बहुतांशी सांडपाणी असते. मुखाचे महत्त्वही शहराबाहेरचे आहे. बोयसारखे मासे आणि कोळंबी यांची पिल्ले समुद्रातून खाडीत शिरतात, तिथल्या उथळ पाण्यात वाढतात आणि परत समुद्रात जातात. मुख बंद, आतले पाणी निर्जीव, तर समुद्रातल्या जाळ्यातही घट येते. नदी सुधारणे हा मच्छीमाराच्या पोटाचा प्रश्न आहे तो असा.

त्यातूनच चौथा आक्षेप निघतो. उद्या हौशी गळवाले काठ व्यापतील आणि पोटासाठी मासे धरणाऱ्यांना हुसकावतील. ही भीती अनाठायी नाही. कूवमच्या पुनरुज्जीवनासाठी काठावरची हजारो गरीब कुटुंबे पेरुंबाक्कम, कण्णगीनगर अशा दूरच्या वसाहतींत हलवली गेली, पण मैला सोडणारी गटारे तेवढ्या तत्परतेने बंद झाली नाहीत. एन्नोर परिसरात इरुळर समाजाच्या स्त्रिया आजही पाण्यात उतरून हातांनी चाचपून कोळंबी धरतात. अड्यारच्या मुखाशी ऊरूर कुप्पम हे मच्छीमारांचे गाव आहे. उत्तरेला पुलिकत सरोवरात ‘पाडू’ नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात मासेमारीच्या जागा पाळीपाळीने वाटून घेतल्या जातात, म्हणजे एकाच कुटुंबाकडे चांगली जागा कायमची जात नाही. नदीकाठी मुलांना घेऊन जायचे तर शिकवायला याहून चांगले गुरू कोण? पहिला हक्क त्यांचा, हौसेचा नंबर नंतर, आणि शिकवण्याचे मोल त्यांना मिळाले पाहिजे. शहरातल्या आजोबांना माशांचे जे आठवत नाही ते या मच्छीमारांच्या घरच्या आजोबांना आठवते, आणि सुधारणेच्या समितीत त्यांना खुर्ची नसेल तर समिती अर्धवट आहे.

राहता राहिला चैनीचा मुद्दा. जिथे घराघरांत पुरेसे पाणी येत नाही तिथे मासेमारीच्या गप्पा कशाला? खरे तर दोन्ही दुखण्यांचे मूळ एक आहे. प्रक्रिया न केलेला मैला नदीत जातो म्हणून मासा मरतो, आणि त्याच मैल्याने भूजल नासते, डास वाढतात, काठच्या वस्तीत आजार पसरतात. माशासाठी नदी सुधारली तर हे सगळे सुधारावेच लागते. नदी शोभेसाठी सुधारली तर यांतले काहीच सुधारले नाही तरी उद्घाटन होऊ शकते. कसोटी कडक हवी ती यासाठी.

अशा कसोटीसाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. देशातल्या मत्स्यव्यवसाय खात्याची सुरुवात १९०७ साली मद्रासमध्येच झाली, तेव्हा वर्षातून एकदा ठरलेल्या ठिकाणी माशांची जातवार मोजणी करून ती जाहीर करणे तमिळनाडूला जड नाही, महाराष्ट्रालाही नाही. पकडलेल्या माशांच्या मांसाची धातूंसाठी तपासणी व्हावी आणि कोणता मासा खावा, कोणता लहान मुलांना देऊ नये, हे काठावर त्या गावच्या भाषेत लिहावे. अमेरिकेतली राज्ये असे इशारे नेमाने देतात. नव्या बांधकामात भिंतींऐवजी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या असाव्यात. आणि प्रत्येक नदी योजनेच्या पहिल्या पानावर एक साल छापावे: या वर्षी या घाटावर धरलेला मासा मुलांना खायला देता येईल. ते साल उलटूनही मासा खाण्याजोगा झाला नसेल, तर पुढच्या टप्प्याचा पैसा थांबवून मैला कुठून येतो याचा हिशेब आधी मागावा. मुळा-मुठा, मिठी, पंचगंगा यांच्या योजना मांडणाऱ्यांना मतदारांनी हे साल विचारायला सुरुवात करावी. ज्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांनी आपण काठ विकसित करतो आहोत असे खुशाल म्हणावे, पण नदीचे नाव घेऊन पैसे मागू नयेत.